मासळी बाजारातला थर्माकोल: गोळा करण्यापासून विकण्यापर्यंत

आधी एक हिशोब करून बघा. मासळीची मध्यम आकाराची थर्माकोल पेटी बाहेरून 60 सेंटिमीटर लांब, 40 रुंद आणि 30 उंच धरली, तर झाकणासकट तिचं वजन चारशे ते साडेचारशे ग्रॅम भरतं. छोटा हत्ती म्हणतात त्या लहान टेम्पोत ताडपत्री बांधून, वर चढवून रचल्या तरी अशा ऐंशीएक पेट्या बसतात. म्हणजे माल झाला जेमतेम 35 किलो. गाडी वाहू शकते सातशे किलोच्या आसपास आणि भाडं द्यायचं पूर्ण गाडीचं. भंगारवाला पुठ्ठा उचलतो, प्लास्टिकचे क्रेट उचलतो, पण थर्माकोलकडे पाहत नाही, त्याचं कारण एवढंच आहे.

मालात खोट नाही. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. साखरेएवढ्या दाण्यांत पेंटेन वायू भरलेला असतो. वाफ दिली की दाणे पन्नासेक पट फुगतात आणि साच्यात एकमेकांना चिकटून पेटी तयार होते. तयार पेटीत 98 टक्के हवा आणि फक्त 2 टक्के प्लास्टिक. हे प्लास्टिक पुन्हा वितळतं, पुन्हा घडवता येतं आणि त्याला गिऱ्हाईकही आहे. आपलं काम आहे ती हवा बाजारातच काढायची आणि उरलेलं प्लास्टिक स्वच्छ, कोरडं ठेवून कारखान्यापर्यंत पोचवायचं.

हे काम हाती घेणारी मंडळी पहिल्यांदा थर्माकोल दाबून हवा काढणाऱ्या यंत्राची किंमत विचारतात. मी त्यांना सांगतो, यंत्र सगळ्यात शेवटी. ज्या बाजारात पेटी ओली, टेपसकट आणि खवल्यांसकट कोपऱ्यात पडते, तिथे कितीही चांगलं यंत्र आणलं तरी ते महिन्याभरात ताडपत्रीखाली जातं. बाजाराची सवय बसली की यंत्राशिवायही बरंच काम होतं. हा लेख मासळी बाजार डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, कारण थर्माकोलचा खरा ढीग तिथे असतो. फळबाजारातल्या पेट्यांनाही हीच रीत लागू पडते, फक्त धुण्याचं काम कमी होतं.

पहिली पायरी: मोजणी

पेट्या कुठून येतात ते आधी समजून घ्या. ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्यावर बोटीतून उतरणारी मासळी बहुतेक टोपल्यांतून आणि प्लास्टिकच्या क्रेटमधून लिलावाला जाते. थर्माकोल लागतो तो लांबच्या प्रवासाला. आंध्रातून ट्रकने येणारे रोहू-कटला किंवा बर्फात घालून परगावी जाणारं पापलेट आणि सुरमई, यांच्या पेट्या त्या. त्यामुळे धक्क्यापेक्षा ट्रक खाली होतात तिथे आणि किरकोळ मंडईच्या मागच्या दाराशी उभं राहून मोजा.

मोजणीला निदान एक पूर्ण आठवडा द्या. आपल्याकडे बुधवार, शुक्रवार, रविवार हे मासळीचे वार. सोमवारी आणि गुरुवारी मोजलेला आकडा तुम्हाला फसवेल. ऋतूचंही तसंच. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत समुद्राची मासळी आटते आणि तळ्यातल्या मासळीचे ट्रक चालू राहतात. मग श्रावण येतो. नारळी पौर्णिमेनंतर बोटी जोमाने बाहेर पडतात आणि गणपती झाल्यावर बाजार पुन्हा भरतो. जुलैच्या मोजणीवर पूर्ण वर्षाचा करार करू नका.

वहीत तीन रकाने पुरेत: अखंड पेट्या, फुटलेल्या पेट्या, नुसते तुकडे. प्रत्येक आकाराच्या दहा कोरड्या पेट्या काट्यावर ठेवून सरासरी वजन काढा. तशाच दहा पेट्या ट्रकमधून उतरल्या उतरल्या, ओल्या असताना तोला. थर्माकोलचा दाणा पाणी फारसं पीत नाही, पण दाण्यांमधल्या फटीत, फुटलेल्या कोपऱ्यात आणि झाकणाच्या खाचेत पाणी साचून राहतं. दोन वजनांतला फरक गिऱ्हाईक पुढे तुमच्या बिलातून कापणार आहे. तो आधीच माहीत असलेला बरा.

दुसरी पायरी: अखंड पेटी बाजूला

जी पेटी शाबूत आहे आणि जिचं झाकण नीट बसतं, ती फोडू नका. किलोच्या भावात तिचे जे पैसे येतील त्यापेक्षा पेटी म्हणून ती कितीतरी जास्त देते. मासळी विकणाऱ्या मावशींना बर्फ आणि उरलेला माल ठेवायला पेटी हवीच असते, आणि परगावी माल पाठवणारे छोटे व्यापारीही वापरलेली पेटी घेतात. रोपवाटिकेवाले आणि गच्चीवर भाजी लावणारे तळाला भोकं पाडून तीच पेटी वापरतात. मासळीची पेटी पुन्हा मासळीलाच किंवा मातीलाच जाऊ द्या. दूध, औषधं, मिठाई यासाठी कोणी मागितली तर सरळ नाही म्हणा, कारण वास आणि जंतू धुऊन पूर्ण जात नाहीत.

बाजारातून अशा पेट्या वेचून विकणारी माणसं बहुतेक ठिकाणी आधीपासूनच असतात. कोणी हमाल, कोणी कचरा वेचणाऱ्या बाया. तुमची योजना त्यांच्या पोटावर येता कामा नये. पहिल्या बैठकीला त्यांना बोलवा आणि अखंड पेट्यांचा हक्क त्यांचाच ठेवा. फुटक्या मालाची मजुरीही त्यांनाच मिळेल असं बघा. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे. तिथे काम करायचं असेल तर सुरुवात त्यांच्याशी बोलूनच करावी. कुठली पेटी कुठल्या गाळ्यावरून किती वाजता बाहेर पडते, हे या लोकांइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

तिसरी पायरी: थर्माकोल ओळखा

पांढरं आणि हलकं दिसणारं सगळं थर्माकोल नसतं. हातात घेऊन मोडून बघा. कटकन मोडला आणि मोडलेल्या कडेला गोल दाणे दिसले, तर तो आपला माल. वाकतो, दाबला की परत फुगतो, पण मोडत नाही, तर तो पॉलिइथिलीनचा फोम. सफरचंद आणि पपईवर चढवतात ती जाळी या जातीची. ती वेगळ्या गोणीत टाका, कारण वितळल्यावर ती पॉलिस्टायरीनमध्ये मिसळत नाही आणि थर्माकोल वितळवून केलेली पूर्ण लादी ठिसूळ होते.

मशरूम किंवा कापलेलं मटण ज्या पातळ, गुळगुळीत ट्रेमध्ये मिळतं तो ट्रेही पॉलिस्टायरीनचाच असतो, पण वेगळ्या पद्धतीने फुगवलेला. काही कारखाने तो चालवून घेतात, काही घेत नाहीत. विचारून घ्या, तोवर वेगळा ठेवा. इमारतीच्या कामातून निघालेला थर्माकोल मात्र बाजाराच्या मालात कधीच मिसळू नका. त्यात आग रोखणारी रसायनं असू शकतात. त्यांतलं एचबीसीडी नावाचं रसायन 2013 मध्ये घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या बंदीयादीत गेलं आहे. अशी एक गोणी मिसळली तर सगळा माल संशयात येतो.

चौथी पायरी: धुणं आणि वाळवणं

सगळा खेळ इथे आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पेटी रिकामी झाल्या झाल्या, बर्फाचा चुरा आत असतानाच उलटी करायची. पाणी गटाराच्या जाळीवर पडू द्या, चालण्याच्या वाटेवर नको. मग हाताने आतून फिरवून खवले, शेपटाचे तुकडे, प्लास्टिकची पिशवी बाहेर काढायची. पेटीच्या तळाला चारही कोपऱ्यांत रक्तमिश्रित पाण्याचा चिकट थर बसतो. तो ओला असतानाच नारळाच्या काथ्याच्या घासणीने एका हातात निघतो. दोन तास ऊन लागलं की खरवडावा लागतो आणि खरवडताना दाणे सुटतात. पाणी थंडच घ्या. गरम पाण्याने रक्त शिजल्यासारखं होऊन दाण्यांच्या फटीत घट्ट बसतं. साबणाची गरज नसते. हातमोजे मात्र हवेतच. मासळीचे काटे बोटात शिरतात आणि ती जखम चिघळते.

आता टेप. झाकणाला चारही बाजूंनी खाकी टेप मारलेली असते आणि वर व्यापाऱ्याची कागदी चिठ्ठी. टेपचं एक टोक बोथट सुरीने उचलायचं आणि पेटीच्या अंगाला समांतर, हळू ओढायचं. वर खेचली तर ती थर्माकोलचा पापुद्रा घेऊनच निघते. चिठ्ठी भिजवली की सुटते. काही जण टेपचा डिंक काढायला पेट्रोल किंवा थिनर लावतात. असं अजिबात करू नका. थर्माकोल त्यात विरघळतो, जागा चिकट होते आणि आगीचा धोका वेगळाच. संत्र्याच्या सालीतल्या तेलानेही थर्माकोल विरघळतो. जपानमध्ये सोनी कंपनीने त्या तेलावर पुनर्प्रक्रियेची पद्धत बसवून पाहिली होती. कारखान्यात ते ठीक, बाजाराच्या ओट्यावर नाही.

वाळवताना पेटी आडवी ठेवा, तोंड वाऱ्याकडे, झाकण वेगळं. पेटीत पेटी घालून ठेवली की मधलं पाणी तसंच राहतं आणि दुसऱ्या दिवशी वासाने शेजारचा गाळेवाला तक्रार घेऊन येतो. त्याचं बरोबरच असतं. उन्हात अर्धा दिवस पुरतो. पावसाळ्यात शेडखाली बांबूची मांडणी करा, खालून हवा खेळेल अशी, आणि वरून मासेमारीचं जुनं जाळं टाका. जाळ्याशिवाय उघड्यावर ठेवलेलं झाकण वाऱ्याने रस्ता ओलांडून जातं. जुनं जाळं धक्क्यावर कोणीही देतं.

पाचवी पायरी: फोडणं आणि बांधणं

पेटी पायाखाली घेऊन चिरडू नका. दाणे सुटतात, गटारात जातात, तिथून नाल्यात आणि नाल्यातून खाडीत. ते तरंगतात, आणि मासे व पक्षी ते खाण्याचे कण समजून गिळतात. ज्या समुद्राने मासळी दिली त्याच्याच पोटात ते परत जातात. हे मला फार लागतं, म्हणून फोडण्याच्या जागेबद्दल मी हट्टी आहे. आडोसा हवा, खाली ताडपत्री हवी आणि दिवसाअखेर ताडपत्रीवरचे दाणे झाडून पिशवीत भरायला हवेत. गटाराच्या तोंडाशी बारीक जाळी लावून घ्या.

पेटीच्या चार भिंती आणि तळ असे पाच पत्रे अलग करायचे. कोपऱ्यावर लाकडी हातोडीचा एक ठोका दिला की भिंत सरळ रेषेत सुटते. पत्रे एकावर एक रचून सुतळीने घट्ट बांधा. पेटीच्या आतली पोकळी गेल्यामुळे ज्या टेम्पोत 35 किलो माल जात होता, त्यातच आता 80 ते 90 किलो जातो. हे यंत्राशिवाय झालं, हे लक्षात घ्या.

सहावी पायरी: गिऱ्हाईक आधी

यंत्र घेण्यापूर्वी माल घेणारा शोधा. पुनर्प्रक्रिया केलेलं पॉलिस्टायरीन मुख्यत्वे फोटोफ्रेमच्या पट्ट्या, भिंतीच्या कडेने लावायच्या पट्ट्या, कपड्यांचे हँगर अशा वस्तूंत जातं. फ्रेमच्या दुकानात सोनेरी किंवा सागवानी दिसणारी जी हलकी पट्टी मिळते, तिच्यावर फॉइल चढवलेली असते. पट्टी कापली की आत हे प्लास्टिक सापडतं. अशा पट्ट्या बनवणारा किंवा त्यांना दाणा पुरवणारा कारखाना, हे तुमचं गिऱ्हाईक. खाण्याच्या वस्तूच्या पेटीसाठी हा माल परत वापरला जाणार नाही, हे त्याच्याकडून स्पष्ट करून घ्या.

त्याला विचारायचे प्रश्न असे: माल सुटा चालेल की दाबलेलाच हवा? थंड दाबलेला की वितळवलेला? ओल किती धरणार आणि किती कापणार? रंगीत तुकडे चालतील का? कमीत कमी किती किलोला गाडी पाठवणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं, नमुना म्हणून एक गोणी घेऊन चालवून बघणार का? जो नमुना न बघता भाव सांगतो, त्याचा भाव माल पोचल्यावर बदलतो.

कागदपत्रंही याच वेळी. 2016 च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार कचरा करणाऱ्याने तो वेगळा करून द्यायचा असतो, आणि पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोंदणी लागते. गिऱ्हाइकाच्या नोंदणीची प्रत मागून घ्या. महाराष्ट्रात 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या ताटल्या, पेले आणि सजावट यांवर बंदी आली. सजावटीच्या थर्माकोलवर देशभर 1 जुलै 2022 पासून बंदी आहे. तुम्ही वापरून झालेल्या पेट्या हाताळणार आहात, तरी साठवणीची जागा आणि वाहतूक यांबद्दल मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात आणि पालिकेच्या घनकचरा खात्यात एक लेखी अर्ज देऊन ठेवा. रस्त्यात गाडी अडवली तर त्या अर्जाची पोच कामाला येते.

सातवी पायरी: यंत्र

दोन जाती आहेत. पहिल्या जातीत थर्माकोलचे तुकडे करून स्क्रूने दाबतात. आयताकृती लादी बाहेर येते, मूळ मालाच्या चाळिसाव्या-पन्नासाव्या हिश्श्याएवढी. दुसऱ्या जातीत माल तापवून वितळवतात आणि साच्यात ओततात. ती लादी आणखी घट्ट आणि जड होते. टोकियोच्या मासळी बाजारात, पूर्वी त्सुकिजीला आणि 2018 पासून तोयोसूला, पेट्यांच्या अशा लाद्या बाजाराच्या आवारातच होतात. तिथे त्यासाठी स्वतंत्र जागा आणि नेमलेली माणसं आहेत.

आपल्या मंडईसाठी मी थंड दाबाचं यंत्रच सुचवतो. वितळवताना धूर आणि स्टायरीनची वाफ निघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2018 मध्ये स्टायरीनला ‘बहुधा कर्करोगकारक’ वर्गात टाकलं आहे. धूर ओढून नेणारी व्यवस्था नसेल तर भर मंडईत हे यंत्र चालवणं म्हणजे गाळ्यावर दिवसभर बसणाऱ्या बायकांच्या फुप्फुसांशी खेळणं आहे. शिवाय मासळीचा थोडा जरी अंश राहिला तरी तो तापून जो वास सुटतो, तो बाजार सहन करत नाही. थंड यंत्र किंचित ओल चालवून घेतं. चुलीवर, पत्र्यावर, उघड्या डब्यात थर्माकोल वितळवण्याचे प्रयोग तर कोणीच करू नयेत. आणि उरलेला माल पेटवून देणं हे त्याहून वाईट.

आकार ठरवताना पुन्हा वही उघडा. रोजच्या शंभर फुटक्या पेट्या म्हणजे 45 किलो. तासाला 50 किलो दाबणारं लहान यंत्रही त्याला तासभरच लागतं, बाकीचा दिवस ते बसून राहणार. माझं मत असं की रोज दोनशे पेट्यांच्या खाली स्वतःचं यंत्र घेऊ नये. जवळच्या दोन-तीन मंडयांनी मिळून एक घ्यावं, किंवा पत्रे बांधून गिऱ्हाइकाच्या यंत्राकडे पाठवावेत. घ्यायचं ठरलं तर थ्री फेज वीज, पक्की शेड आणि पात्याला धार लावणारा माणूस जवळ आहे का, ते बघा. विकणाऱ्याला सांगा की तुमच्या मंडईतल्याच पेट्या घेऊन येतो, त्या समोर दाबून दाखवा. नव्या कोऱ्या थर्माकोलवरचं प्रात्यक्षिक उपयोगाचं नाही.

तुकडे करताना स्थिर विजेची ठिणगी पडू शकते आणि भुसा चट्कन पेट घेतो. यंत्राला अर्थिंग, जवळ अग्निशामक सिलिंडर, आणि आवारात विडी-सिगारेट पूर्ण बंद.

आठवी पायरी: साठवण आणि हिशोब

लाद्या जमिनीला टेकवू नका, फळ्यांवर रचा. ऊन लागत राहिलं की थर्माकोल पिवळा आणि भुसभुशीत होतो, म्हणून सावली हवी. विजेच्या मीटरपासून आणि गॅसच्या सिलिंडरपासून ढीग दूर, आणि दोन ढिगांमध्ये माणूस जाईल एवढी वाट. वासाने मांजरं आणि उंदीर आले तर समजा चौथ्या पायरीवर काहीतरी सुटतं आहे.

वजन नेहमी तुमच्या काट्यावर, गाडी निघण्यापूर्वी, गिऱ्हाइकाच्या माणसासमोर करा आणि पावतीवर दोघांच्या सह्या घ्या. पावतीवर ओलीची कपात किती टक्के धरली ते लिहून घ्या. मजुरी आठवड्याला द्या, गिऱ्हाइकाचे पैसे महिन्याने आले तरी. तेवढी रक्कम सुरुवातीलाच हाताशी हवी. परत आलेल्या मालाचं भाडं कोणी भरायचं, हेही करारात पहिल्याच दिवशी लिहा. थर्माकोलमध्ये भाडं मालाच्या किमतीवर जातं, त्यामुळे एक परत आलेली गाडी महिन्याची कमाई खाऊन टाकते.